अंकोलाचं गाव

सकाळी कमाटीबागेत येणाऱ्या माणसांचे दोन प्रकार असतात. एक चालणारे आणि दुसरे थांबणारे. साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी पाठवलं तेव्हा मी चालणाऱ्यांतली होते. मनगटावर घड्याळ, पायांत नवे बूट, चार फेऱ्यांचा हिशोब. वर्षभरात थांबणाऱ्यांत कधी गेले ते कळलंच नाही. घरी ह्यांचं ठरलेलं वाक्य, "फिरायला जातेस की उभी राहायला?" मी म्हणते, दोन्ही.

कागदोपत्री हिचं नाव सयाजीबाग. पण बडोद्यातला माणूस मराठी असो की गुजराती, रिक्षावाल्याला तो कमाटीबागच सांगतो. लग्न होऊन बेळगावहून मी इथे आले त्याला आता बत्तीस वर्षं झाली. सासूबाईंनी मला या शहरात दाखवलेली पहिली जागा हीच. फाल्गुनातलं लग्न. घरात अजून पाहुणे होते, पंगतींची भांडी अंगणात उपडी पडलेली होती आणि या बाई मला म्हणतात, "बसदी उद्या बघू. आधी वावळ बघून घे, चार दिवसांत उडून जाईल." मला वाटलं, वावळ म्हणजे एखादा पक्षी असेल.

वावळ म्हणजे झाड. उंच, करड्या सालीचं, एरवी कोणी वळून बघणार नाही असं. पण फाल्गुन-चैत्रात त्याच्या फांद्यांना पानांच्या आधी चपट्या गोल चकत्यांचे घोस लागतात. मध्ये बी आणि भोवती पातळ कागदी पंख. वाळल्या की एका वाऱ्यासरशी सगळी वाट त्या चकत्यांनी भरून जाते. लहान मुलं बी सोलून खातात. मी पदरात चार उचलल्या तेव्हा सासूबाईंनी हसून विचारलं, "बेळगावात झाडं नाहीत का ग?"

झाडं होती, नावं नव्हती. मी इतिहास घेऊन बी. ए. झालेली. रट्टांचे चार कार्तवीर्य मला क्रमानं सांगता यायचे, पण घराच्या कुंपणाला काय उगवलंय ते सांगता येत नव्हतं. आमच्या शिक्षणाची ती तऱ्हाच होती.

सासूबाई जुन्या वळणाच्या श्राविका. हिरव्या गवतावर त्यांनी कधी पाय दिला नाही. बागेत आल्या की खडीच्या वाटेनंच चालायच्या. फूल तोडणं तर नाहीच, पडलेलं उचलतानासुद्धा आधी मुंगी बघायच्या. आमच्या पिढीला हे फार वाटतं. मलाही वाटायचं. पण एक गोष्ट माझ्या हळूहळू लक्षात आली. ज्या बाईला गवत तुडवायचं नाही तिला गवत कुठे आहे, कोणतं आहे, कोवळं की जून, हे पाहावंच लागतं. जिला कंद खायचे नाहीत तिला जमिनीखाली काय वाढतं ते माहीत असावं लागतं. पाच उदुंबर वर्ज्य, मग वड, पिंपळ, उंबर आणि त्यांची भावंडं ओळखता यायलाच हवीत. अष्टमूलगुणांतला हा नियम आम्ही पाठशाळेत पाठ केला होता, पण उंबर फोडून आतली चिलटं मला दाखवली ती सासूबाईंनी, याच बागेत, गळून पडलेल्या फळात. "बघ, घर भरलेलं आहे," एवढंच म्हणाल्या. पुढे कधीतरी वाचलं की उंबराचं आणि वडाचं फूल आतल्या आत असतं आणि बारीक गांधीलमाश्यांवाचून त्यांना बीच धरत नाही. नियम करणाऱ्यानं फळ फोडून पाहिलं असणार.

तर सासूबाईंना सगळी नावं यायची, पण ती अर्धी मराठी आणि अर्धी गुजराती. त्यांचे सासरे सांगलीकडून गायकवाडी नोकरीत आलेले, शेजार सगळा गुजराती. त्यामुळे पळस म्हणजे केसुडो, सावर म्हणजे शीमळो, बहावा म्हणजे गरमाळो. पण आघाडा आघाडाच, कारण तो गौरीच्या वेळी शेजारच्या मराठी बायका शोधत यायच्या. पुनर्नवेला त्या एकाच दमात "घेटुळी, साटोडी" असं जोडनाव घेत. बडोद्याच्या मराठीची हीच गंमत आहे. पुण्याचे पाहुणे आमचं बोलणं ऐकून हसतात. हसू देत. एका वनस्पतीला दोन आवाजांत हाक मारता येते, हे काही कमी नाही.

वसंतात बागेत वर बघण्यासारखं पुष्कळ असतं. पिंपळाची तांब्याच्या रंगाची पालवी, करंजाची ओली वाटावी अशी नवी पानं, कडुनिंबाचा मोहर, ज्याचा वास सकाळी आठच्या आत घ्यावा, नंतर तो धुळीत मिसळतो. पण मला खाली बघायची सवय लागली ती सासूबाईंमुळे. माळी लावतात ती फुलं सगळ्यांनाच दिसतात. वाफ्याच्या विटांमधून आंबुशी येते, तिची पिवळी फुलं ऊन चढेपर्यंत मिटलेली असतात. एकदांडी तर कुठेही. बिचारी अमेरिकेतून आलेली, आता इथलीच झाली. माझ्यासारखीच, असं मी म्हणणार होते, पण बेळगाव काही इतकं लांब नाही. नदीच्या बाजूला उतारावर पिवळा धोतरा, भुईरिंगणीची जांभळी फुलं, आणि ओलीत जलपिंपळीची पसरट जाळी. या सगळ्यांना माळी एकच शब्द वापरतो, "कचरो."

आता थोडं बागेविषयी, कारण तिथे आपण एक चूक नेहमी करतो. सयाजीरावांनी बाग बांधली असं आपण सहज म्हणून जातो. बाग लोकांसाठी खुली झाली १८७९ च्या जानेवारीत. सयाजीरावांचा जन्म १८६३ चा, नाशिककडच्या कवळाण्याचा. जमनाबाईंनी त्यांना दत्तक घेतलं १८७५ मध्ये आणि राज्याचे पूर्ण अधिकार त्यांना मिळाले १८८१ मध्ये. म्हणजे बाग खुली झाली तेव्हा महाराज पंधरा वर्षांचे विद्यार्थी होते आणि कारभार दिवाण टी. माधवराव यांच्या हाती होता. नाव महाराजांचं, हात दुसऱ्यांचे. यात महाराजांना कमीपणा नाही. पुढे त्यांनी जे केलं ते अफाटच आहे. १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात सक्तीचं प्राथमिक शिक्षण, मुलींसाठीसुद्धा. माझ्या आजेसासूबाई त्यामुळेच लिहायला शिकल्या, नाहीतर बायकांच्या हाती पाटी कोण देत होतं? पण बाग बांधली कोणी, तर विश्वामित्रीच्या काठावर ज्यांनी शंभर एकरांहून जास्त जमीन सारखी केली, खड्डे घेतले, पाणी घातलं, त्या माणसांनी. त्यांची नावं कुठे नाहीत. रोपं आणणारे, कलमं करणारे परदेशी तज्ज्ञ मात्र नोंदीत आहेत. क्रुम्बिगेल नावाचे एक जर्मन उद्यानतज्ज्ञ १८९३ मध्ये बडोद्याच्या चाकरीत आले आणि पुढे म्हैसूर संस्थानात जाऊन बंगलोरच्या लालबागेमुळे प्रसिद्ध झाले. बागेच्या तोंडाशी जो काळा घोडा आहे, तो महाराजांचा अश्वारूढ पुतळा, १९०७ चा. आतलं म्युझियम १८९४ चं. हे सगळं पाटीवर वाचता येतं, म्हणून इथे लांबवत नाही.

पाटीवर नसलेली गोष्ट सांगते.

बेळगावचं जुनं नाव वेणुग्राम. वेळूंचं गाव. किल्ल्यातल्या कमळ बस्तीत आई मला लहानपणी न्यायची. १२०४ मधली ती बांधणी, रट्टांच्या चौथ्या कार्तवीर्याच्या काळातली. मी मान वर करून छतातलं दगडी कमळ बघत बसायचे. त्यामुळे गावाच्या नावात झाड असतं हे मला माहेरीच ठाऊक होतं. सासरी आल्यावर कळलं की इथे तर तीन-तीन झाडं आहेत. गुजरातच्या राष्ट्रकूट शाखेतल्या कर्कराजाचा इसवी सन ८१२ च्या सुमाराचा एक ताम्रपट आहे. त्यात त्यानं वटपद्रक नावाचं गाव वलभीहून आलेल्या एका ब्राह्मणाला दान दिलं. वटपद्रक म्हणजे वडाचं गाव, आपलं वडोदरा. हे गाव कुठे होतं, तर अंकोट्टकाच्या चौऱ्याऐंशी गावांत. त्याच्या सीमा दिल्या आहेत, पश्चिमेला अंकोट्टक आणि पूर्वेला जंबुवाविका. जंबू म्हणजे जांभूळ आणि अंकोट म्हणजे अंकोल. जांभळाचं गाव, वडाचं गाव आणि अंकोलाचं गाव, असे शेजारी शेजारी.

गंमत पाहा. तेव्हा मोठं होतं ते अंकोट्टक. वडाचं गाव हे त्याच्या पदरातलं खेडं. आज अंकोट्टक म्हणजे आपलं अकोटा, शहरातला एक भाग, जिथे आपण लग्नाच्या हॉलसाठी आणि चपला घ्यायला जातो. नदीच्या वारंवार येणाऱ्या पुरांमुळे वस्ती काठावरून उठून पूर्वेच्या उंचवट्यावर गेली असं अभ्यासक मानतात. सुनेनं हळूहळू घर हाती घ्यावं आणि सासू ओसरीवरच्या खाटेवर यावी, तसं वडोदऱ्यानं अकोट्याचं केलं. वड राहिला. वडाला सगळे ओळखतात. अंकोल कोणाला माहीत आहे?

मी विचारत सुटले. भाजीवाल्या मासींना, बागेतल्या माळ्याला, वैद्यांना. अकोट्यात राहणाऱ्या माझ्या दोन मैत्रिणींना आपल्या पत्त्यात झाड आहे याचा पत्ताच नव्हता. आयुर्वेदाच्या दुकानदाराला नाव माहीत होतं, मूळ माहीत होतं, पुडीतलं. उभं झाड त्यानंही पाहिलेलं नव्हतं. आणि सासूबाई? मी त्यांना विचारायला विसरले होते. विसरले म्हणजे काय, त्यांना इतिहासातलं काय कळणार, असं मनात कुठेतरी होतंच. ते आज लिहिताना लाज वाटते.

२०११ चा मार्च होता. सासूबाईंचे गुडघे तेव्हा धरायला लागले होते, तरी महिन्यातून दोनदा त्या बागेत यायच्या. नदीकडच्या बाजूला कठड्यापाशी त्या थांबल्या आणि नाक वर करून म्हणाल्या, "अंकोल आला वाटतं."

मी म्हटलं, "काय म्हणालात?"

"अंकोल. दरवर्षी येतो की. तू खाली बघत असतेस."

कठड्यापलीकडे, उतारावर, बोरी-बाभळींच्या दाटीत ते झाड होतं. फार उंच नाही. एकही पान नव्हतं. फिकट सालीच्या वाकड्या फांद्या, त्यांच्या टोकांना काट्यासारखे अणकुचीदार शेवट, आणि फांदीला चिकटून पांढरट फुलांचे गुच्छ. पाकळ्या अरुंद, मागे मुरडलेल्या, मध्ये केसरांचा झुपका. वास गोड, पण जाईजुईसारखा पुढे पुढे करणारा नव्हे. वारा वळला की येतो, वळला की जातो. मी दहा वर्षं पोथ्या-पुस्तकांत शोधत होते ते झाड माझ्या रोजच्या फेरीपासून वीस पावलांवर होतं. मेमध्ये त्याला काळपट लाल फळं येतात, मुलं खायची, असंही त्यांनी सांगितलं. अंकोलाविषयी एक जुनी समजूत आहे. त्याच्या खाली पडलेल्या बिया आपोआप सरकत जाऊन पुन्हा खोडाला चिकटतात म्हणे. शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या शिवानंदलहरीत भक्ताच्या मनाला या बियांची उपमा दिली आहे. मी हे सांगितलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "झाडाचं बी जात असेल परत. आपण कुठे जातो?"

तिथेच कठड्याला टेकून त्यांनी मला आपलं माहेरचं नाव सांगितलं. लग्नाला सतरा वर्षं झाली होती माझ्या, आणि त्यांचं पहिलं नाव मला माहीत नव्हतं. ते एका फुलाचं नाव होतं. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं दुसरं नाव लिहिलं, ते एका सतीचं. "छान होतं की हेही," त्या म्हणाल्या, "पण हाक मारली की मला क्षणभर वाटायचं, दुसऱ्या कोणाला बोलवतात."

त्यानंतरची गोष्ट म्युझियममधली. १९५१ मध्ये अकोट्याला जमिनीखालून जैन धातुप्रतिमा अवचित सापडल्या. अडुसष्ट प्रतिमा आणि उपकरणं. पाचव्या शतकाच्या शेवटापासून अकराव्या-बाराव्या शतकापर्यंतच्या. बडोद्याचेच विद्वान उमाकांत प्रेमानंद शाह यांनी त्यांचा अभ्यास करून १९५९ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि भारतीय धातुशिल्पाचा इतिहास लिहिणाऱ्याला तेव्हापासून अकोट्याला वगळून चालत नाही. यातल्या बऱ्याचशा प्रतिमा कमाटीबागेतल्या म्युझियममध्येच आहेत. आपण मुलांना तिथे देवमाशाचा सांगाडा आणि इजिप्तची ममी दाखवायला नेतो. त्याच इमारतीत आपलं हे धन आहे आणि आपल्या मंडळातल्या कितीजणींनी पाहिलं होतं? एकीनंही नाही.

म्हणून मी एका महावीर जयंतीच्या आधी पंधरा-सोळाजणींना घेऊन गेले. सगळ्या मराठी, सगळ्या दिगंबर आम्नायाच्या. ऋषभनाथांची ती उभी प्रतिमा पाहून सगळ्या गप्प झाल्या. डोळ्यांत चांदी भरलेली आहे तिच्या. दीड हजार वर्षांनंतरही ती नजर तशीच. आदिनाथांना वडाखाली केवलज्ञान झालं, आणि प्रतिमा निघाली वडाच्या शहरात, हे मी हौसेनं सांगितलं. लगेच एकजण म्हणाली, "पण वडाची फळं आपल्याला चालत नाहीत." खरंच आहे. ज्या झाडाखाली ज्ञान होतं ते खायचं झाड नसतं, असं काहीतरी मी बोलून गेले, पण ते माझं मलाच जरा पुस्तकी वाटलं.

मग आलो जीवंतस्वामींपाशी. हे महावीरच, पण दीक्षेच्या आधीचे. राजपुत्र असताना घरातच ध्यानाला उभे राहायचे, त्या वेळची प्रतिमा, अशी परंपरा. म्हणून डोक्यावर मुकुट, अंगावर दागिने, वस्त्र. आमच्या सर्वांत वडील काकू मागे सरल्या. "मुकुट घातलेले महावीर? हे आपल्यातलं नव्हे," असं म्हणून त्या बाकावर जाऊन बसल्या. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. ज्या मूर्तीसमोर त्या सत्तर वर्षं डोळे मिटत आल्या ती निराभरण. श्रद्धा काही म्युझियमच्या तिकिटाबरोबर बदलत नाही. मलाही आत काहीतरी अडखळलंच होतं, ते लपवून काय करू?

पण मी त्यांच्याजवळ जाऊन एक सांगितलं. या परंपरेतल्या एका प्रतिमेच्या पीठावर लेख आहे. साधारण सहाव्या शतकातला. जीवंतस्वामींची ही प्रतिमा चंद्रकुलातल्या नागीश्वरी श्राविकेचं देवधर्म, म्हणजे तिनं दिलेलं दान. इतकंच. चंद्रकुल ही साधूंची परंपरा, तिच्या गुरूंची. नवऱ्याचं नाव नाही, मुलाचं नाव नाही. अमुक यांच्या मातोश्री नाही, तमुक यांच्या धर्मपत्नी नाही. नागीश्वरी श्राविका.

काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आपल्या बसदीतल्या फरशीवर बायकांची नावं किती आहेत ग?"

मी दुसऱ्या दिवशी जाऊन मोजली. प्रवेशाशी देणगीदारांची मोठी संगमरवरी फरशी आहे. एकेचाळीस ओळी. त्यांत बाईचं स्वतःचं नाव सहा ओळींत, आणि त्या सहाही "स्वर्गीय". बाकी ठिकाणी मातोश्री, सौभाग्यवती, परिवार. वेदीच्या कामाला सासूबाईंनी १९८८ मध्ये आपल्या दोन पाटल्या दिल्या होत्या. त्या पाटल्या त्यांच्या माहेरच्या होत्या. फरशीवर काय आहे? ह्यांचं नाव आणि पुढे "यांच्या मातोश्रींकडून". हे तेव्हा कॉलेजात शिकत होते. पाटल्या कुठल्या ते यांना आजही सांगता येत नाही.

मी घरी हे बोलले. "आता काय फरशी फोडायची का?" असं उत्तर आलं. सासूबाईंना जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. विषय तिथेच राहिला.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये पूर आला. पावागढच्या डोंगरात उगम पावणारी एरवीची ही किरकोळ नदी कशी शहरात शिरते, ते ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायला नको. रस्त्यावर होड्या, सोसायट्यांत मगरी, वर हेलिकॉप्टर. आमच्या घरात तळमजल्याला छातीभर पाणी होतं. माझ्या टिपणवह्या गेल्या. त्यात पंधरा वसंतांच्या नोंदी होत्या, कोणत्या तारखेला कोणतं फूल पहिल्यांदा दिसलं त्याच्या. बसदीच्या गाभाऱ्याला धक्का लागला नाही, पण मंडपात गाळ चढला आणि फरशा उखडल्या. देणगीदारांची फरशी मधोमध तडकली.

पुढच्या उन्हाळ्यात, २०२५ मध्ये, नदी खोल आणि रुंद करायचं काम निघालं. ते व्हायला नको होतं असं ज्याच्या घरात पाणी शिरलं तो म्हणणार नाही. मीही म्हणत नाही. यंत्रं आली, काठ सारखे झाले, गाळ निघाला. धोतरा, भुईरिंगणी, जलपिंपळी, सगळं एका आठवड्यात सपाट. ती परत येतील, त्यांना सवय आहे. अंकोल दिसेना. कठड्यापाशी मी रोज उभी राहायचे. उतार आता नागडा होता. बोरीही नव्हत्या. कोणाला विचारणार? यंत्रावरच्या मुलाला मी हाक मारली, "भाई, अहीं एक अंकोल हतो." तो बिहारचा निघाला. हिंदीत म्हणाला, "माताजी, इधर तो सिर्फ झाड़ी थी।"

या वर्षी फाल्गुनात पाहिलं. उतारावर, जिथे मला वाटतं ते झाड होतं तिथून जरा खाली, मातीतून बोटाएवढे चार-पाच कोंब आले आहेत. पानं लांबट, खाली तीन शिरा. अंकोलाचीच असावीत. कोंबाला फूल यायला किती वर्षं लागतात ते आता बघायचं. सासूबाई कोवळ्या कोंबाला हात लावू द्यायच्या नाहीत, त्यात अनंत जीव असतात म्हणून. मी लावला नाही. कठड्याच्या अलीकडूनच बघितलं.

बसदीची नवी फरशी याच महिन्यात बसली. जुन्या ओळी तशाच उतरवायच्या असं आधी ठरलं होतं. मी आणि बाकावर बसलेल्या त्या काकू, आम्ही दोघी सभेला गेलो. काकू आता ब्याऐंशीच्या आहेत. कोणाला त्यांना गप्प बसा म्हणता येत नाही. त्यांनी नागीश्वरीचं नाव घेतलं. मुकुटाबद्दल काही बोलल्या नाहीत. विश्वस्तांनी आपसांत बघितलं आणि ज्यांना आपल्या ओळीत बदल हवा त्यांनी पंधरा दिवसांत लेखी द्यावा, असं ठरलं. सतरा घरांनी दिला. आमच्या घरातून अर्ज ह्यांनीच लिहिला. मी सांगितलं नव्हतं.

पाथरवटाकडे मजकूर घेऊन मी गेले. चिठ्ठीवर सासूबाईंची दोन्ही नावं होती, माहेरचं आणि तांदळावर लिहिलेलं. त्यानं चष्मा कपाळावर चढवला, चिठ्ठी लांब धरली आणि विचारलं, "बेन, आमां साचुं नाम कयुं?"

"बंने," मी म्हटलं.

त्याचे पैसे अक्षरावर होते. पेन्सिल ठेवत ठेवत त्यानं सगळी अक्षरं मोजली, जोडाक्षर एकच धरलं, आणि आकडा सांगितला.